दहावा खंड वगळावा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दीर्घ फँटसी मालिकांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या चौदा खंडांच्या मालिकेचे उदाहरण घेऊन लेखकाने नव्या वाचकांना सल्ला दिला आहे की, सातवा खंड संपल्यावर थेट अकरावा हाती घ्यावा आणि मधल्या तीन खंडांचा सारांश कुठेतरी वाचून मोकळे व्हावे. आठ, नऊ आणि दहा या खंडांबद्दलची कुरकूर नवी नाही. इंग्रजी वाचकांनी या टापूला ‘स्लॉग’ असे नावच पाडले आहे. आपण त्याला रखडपट्टी म्हणू. माझा आक्षेप त्या कुरकुरीला नाही. तिन्ही खंड एकाच गोणीत भरून फेकून देण्याला आहे, आणि संथ लिहिणे व रेंगाळत लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टींना एकच गुन्हा मानण्याला आहे.

मी डोंबिवलीतील एका वाचनालयात बावीस वर्षे देवघेव विभाग सांभाळला. इंग्रजी पुस्तकांची आमची दोनच कपाटे होती आणि त्यांतला एक अख्खा कप्पा या मालिकेने अडवला होता. वाचून झालेले पुस्तक मिटून आडवे धरले की पानांच्या कडा कुठपर्यंत मळल्या आहेत ते दिसते. सभासदाने पुस्तक कुठे सोडले हे सांगायला त्याहून प्रामाणिक साक्षीदार नाही. पहिल्या सहा खंडांच्या कडा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारख्या काळसर झालेल्या होत्या. आठव्या आणि नवव्याचेही जवळपास तसेच होते, फक्त रंग फिका. दहाव्या खंडाच्या, म्हणजे ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’च्या कडा साधारण पहिल्या शंभर पानांपर्यंत मळलेल्या आणि त्यापुढे दुकानातून आल्यासारख्या पांढऱ्या. अकराव्याच्या पुन्हा शेवटपर्यंत काळ्या. म्हणजे वाचक दहाव्यात अडकले आणि तो तसाच परत करून अकराव्याकडे गेले. लेखकमहाशयांचा सल्ला आमच्या सभासदांनी कोणी न सांगताच अमलात आणला होता. मलाही हा पुरावा अनेक वर्षे पुरेसा वाटत होता. पुढे मी स्वतः ओळीने सगळे खंड वाचले तेव्हा माझे मत बदलले. पूर्ण नाही, पण बरेचसे.

आधी तारखा पाहू, कारण या तक्रारीचा निम्मा उगम तिथे आहे. पहिला खंड जानेवारी 1990 मध्ये आला आणि सहावा 1994 मध्ये. पाच वर्षांत सहा जाडजूड खंड! वाचकाला एक खंड संपवून श्वास घेईपर्यंत दुसरा हातात मिळत होता. त्यानंतर सातवा 1996 मध्ये, आठवा 1998 मध्ये, नववा 2000 मध्ये, दहावा 2003 मध्ये आणि अकरावा 2005 मध्ये आला. कथेचा वेग मंदावला नेमका त्याच वेळी प्रकाशनाचाही वेग मंदावला, आणि दोन्हींचे ओझे वाचकाच्या एकाच खांद्यावर आले. उदाहरणार्थ, आठव्या खंडाच्या शेवटी पेरिन या एका प्रमुख पात्राच्या बायकोला, फेलला, शत्रू पळवून नेतात आणि तिची सुटका होते अकराव्या खंडात. कथेच्या कालगणनेत हा काळ काही आठवड्यांचा आहे. 1998 साली ते पान वाचलेल्या माणसाला मात्र सुटकेसाठी सात वर्षे थांबावे लागले. सात वर्षे एकाच नवऱ्याची घालमेल वाचायला लावणाऱ्या लेखकावर कोणीही चिडेल. पण ती चीड पंचांगाची आहे. आज चौदाही खंड कपाटात ओळीने उभे असताना नव्या वाचकाने ती वारसाहक्काने का घ्यावी?

अर्थात पंचांग बाजूला ठेवले म्हणून सगळे सुटत नाही. लांबत गेलेल्या महाकथेची एक बांधणीची अडचण असते आणि ती जॉर्डन यांनाही चुकली नाही. सातव्या खंडापर्यंत नायक रँड आणि त्याच्याबरोबरचे पेरिन, मॅट, एग्वेन व एलेन या पाचही प्रमुख पात्रांच्या वाटा वेगळ्या झालेल्या आहेत, प्रत्येकाभोवती स्वतःचे सैन्य, दरबार किंवा निदान गोतावळा जमला आहे. सगळ्यांना प्रत्येक खंडात जागा द्यायची तर प्रत्येकाची कथा वीतभर सरकते. कोणाला वगळावे तर त्याचे चाहते रुसतात. जॉर्ज मार्टिन यांनी आपल्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेत दुसरा मार्ग धरला. 2005 च्या चौथ्या खंडात त्यांनी निम्मी पात्रे घेतली, उरलेली पुढच्या खंडात येतील अशी टीप पुस्तकाच्या शेवटी लिहिली आणि तो पुढचा खंड 2011 मध्ये आला. तेव्हा कोणत्याही मार्गाने गेले तरी मधल्या टप्प्यात चटका बसतोच.

तरीही पात्रे गैरहजर असणे हे रखडण्याचे खरे कारण आहे असे मला वाटत नाही. पाचव्या खंडात पेरिन मुळीच नाही. तिसऱ्या खंडाच्या ‘द ड्रॅगन रिबॉर्न’ या नावातच रँडचा उल्लेख असूनही त्यात तो क्वचितच दिसतो. या दोन खंडांबद्दल देवघेवीच्या टेबलापाशी कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. त्या खंडांत जे हजर होते त्यांच्या बाबतीत परत न फिरवता येणारे असे काहीतरी घडत होते. माझी कसोटी एवढीच आहे. खंडाच्या पहिल्या पानावर जी स्थिती होती तिच्याकडे शेवटच्या पानावरून परत जाता येते का? येत असेल तर खंड रेंगाळला. येत नसेल तर तो कितीही सावकाश चालला असला तरी चालला.

(ज्यांना ही मालिका पुढे वाचायची आहे त्यांनी पत्र इथेच बाजूला ठेवले तरी माझी हरकत नाही, यापुढे काही गुपिते फुटणार आहेत.)

या कसोटीवर आठवा खंड, ‘द पाथ ऑफ डॅगर्स’, सहज उतरतो. मुख्य मालिकेतला हा सर्वांत लहान खंड आहे, हेही तक्रार करणारे विसरतात. दोन खंड चाललेला अनैसर्गिक उन्हाळा, जो ऐन हिवाळ्यातही हटत नव्हता, या खंडात मोडतो आणि जगावर एकदम थंडी कोसळते. बंडखोर चेटकिणींची प्रमुख असूनही जिला सगळे कळसूत्री बाहुली समजत होते ती एग्वेन जुन्या कायद्याचे एक कलम पुढे करून आपल्याच सभेला युद्धाचा ठराव करायला लावते आणि त्या ठरावानेच सभेची सत्ता स्वतःकडे घेते. नियम क्रमांक अमुक आणि पोटकलम तमुक यांवर वार्षिक सर्वसाधारण सभा फिरताना मी आमच्या वाचनालयात पाहिली आहे. तो प्रसंग वाचताना मला फँटसी वाचतो आहोत असे क्षणभरही वाटले नाही. आणि रँड, जो तोवर एकामागून एक लढाया जिंकत आला होता, तो हातातल्या तलवारीच्या बेभान शक्तीने स्वतःचेच सैनिक मारतो. यातले काय परत फिरवता येते?

नववा खंड, ‘विंटर्स हार्ट’, खरोखर सावकाश आहे आणि मधले काही अध्याय मलाही जड गेले. पण त्याचे शेवटचे प्रकरण हे साऱ्या मालिकेचे बिजागर आहे. पुरुषांना मिळणाऱ्या शक्तीवर लागलेला कलंक, ज्याने ती वापरणारा प्रत्येक पुरुष वेडा होत आला आणि ज्याची पहिली शोकांतिका पहिल्या खंडाच्या प्रास्ताविकातच घडते, तो या प्रकरणात धुतला जातो. 1990 साली मांडलेला पेच 2000 साली सुटतो, तोही शेवटच्या युद्धाची वाट न पाहता मध्येच. हा खंड वगळून सारांश वाचा असे सांगणाऱ्याने तो सारांश कसा असेल याचा विचार करावा: ‘कलंक दूर झाला.’ तीन शब्द! नवव्या खंडातले थंड, दमलेले, एकमेकांवर विश्वास नसलेले लोक त्या टेकडीभोवती पहाऱ्याला कसे उभे राहिले, हे त्या तीन शब्दांत मावत नाही.

आता दहावा. इथे मी जॉर्डन यांची वकिली करणार नाही. या खंडाचा दोष संथपणाचा नसून कालगणनेचा आहे. नवव्याच्या शेवटी तो प्रचंड प्रसंग घडून गेला आहे आणि वाचक पुढे काय म्हणून धावत आला आहे. दहावा खंड त्याला परत मागे नेतो आणि त्याच दिवसात इतर पात्रे कुठे काय करत होती ते एकेक करून दाखवतो. जवळपास शंभर पानांचे प्रास्ताविक संपले तरी आपण पुढे सरकलेलो नाही. दूर कुठेतरी अफाट शक्ती वापरली जात असल्याची चाहूल एका पात्राला लागते, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि प्रत्येक जण चकित होऊन तिकडे पाहतो. वाचकाला मात्र ते काय आहे हे ठाऊक आहे. ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यापुढे तेच कोडे पुन्हा पुन्हा घातले तर तो जांभई देणारच. ज्याच्या नशिबाभोवती मालिका फिरते तो रँड या सबंध खंडात मोजक्याच पानांवर येतो. एलेनच्या गादीच्या वादात कोणते घराणे कोणाच्या बाजूला हे ठरवताना प्रकरणेच्या प्रकरणे जातात. चहा होतो, स्नाने होतात, घागऱ्यांच्या चुण्या सारख्या केल्या जातात. अल्पवयीन सरदार मुले तिच्या मदतीला येतात तो भाग तेवढा गोड आहे; एरवी यातला तिसरा हिस्सा संपादकाच्या निळ्या पेन्सिलीने गेला असता तर कोणी रडले नसते. जॉर्डन यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक होत्या. घरच्या संपादकाने हात आखडता घेतला असे म्हणण्याचा मोह मला होतो, पण याच संपादनाखाली आधीचे सहा खंड किती घट्ट निघाले ते आठवले की मी तो आवरते.

मग एवढे सगळे कबूल करूनही हा खंड वगळू नका असे मी का म्हणते? एका गावामुळे. पेरिन आपल्या बायकोच्या शोधात निघालेला आहे. बरोबर मोठे सैन्य आहे आणि सैन्याला दाणागोटा नाही. कैदेचा प्रत्येक दिवस मोजायला तो चामड्याच्या दोरीला एकेक गाठ मारत चालला आहे. धान्य मिळेल म्हणून ते सो हाबोर नावाच्या तटबंदीच्या गावात येतात. गावातले व्यापारी मळकट, माणसे अंघोळी सोडून दिलेली, डोळे चुकवणारी. त्या गावात मेलेली माणसे फिरताना दिसतात आणि जिवंत माणसे भीतीने अर्धमेली झाली आहेत. धान्य आहे, पण पोती उघडावीत तर त्यात सोंडे वळवळत आहेत. तेव्हा गावाबाहेर कडाक्याच्या थंडीत ते सगळे धान्य वाऱ्यावर पाखडायचे, किडे वेगळे करायचे आणि उरेल ते भरून घ्यायचे. चेटूक आणि महायुद्धाच्या कथेत लेखक धान्य पाखडण्याची पाने लिहितो! माझ्या ओळखीच्या एका तरुण सभासदाने नेमक्या याच जागी पुस्तक परत केले होते. त्याने आयुष्यात कधी सूप हातात धरले नसावे, हा माझा अंदाज.

मला मात्र ते प्रकरण विसरता येत नाही. पेरिन स्वभावाने भला माणूस आहे. एरवी तो अशा गावात थांबला असता, ती भुते का फिरतात याचा छडा लावला असता आणि मगच पुढे गेला असता. आधीच्या खंडांतला पेरिन आपल्याला तसाच माहीत आहे. इथे तो धान्य भरतो आणि गावाला त्याच हालात सोडून निघतो. पुढच्याच प्रकरणात पकडलेल्या शत्रूकडून बायकोचा ठावठिकाणा काढण्यासाठी तो एका बांधलेल्या कैद्याचा हात कुऱ्हाडीने तोडतो. आणि मग ती कुऱ्हाड तिथेच टाकून चालू लागतो. पहिल्या खंडात एका वडीलधाऱ्या रानवट माणसाने त्याला सांगितलेले असते की, हे हत्यार जोवर तुला नकोसे वाटते तोवर ते तुझ्या हाती शोभते; ज्या दिवशी नकोसे वाटेनासे होईल त्या दिवशी ते लांब फेकून दे आणि पळ. त्या सल्ल्याला तेरा वर्षांनी, दहाव्या खंडात, फळ येते. आणि ते येण्यासाठी सोंडे लागलेले धान्य, थंडी, गाठी मारलेली दोरी आणि नजर चुकवणारे व्यापारी हे सगळे आधी वाचकाच्या अंगावर साचावे लागते. सारांशात ‘पेरिन कैद्याचा छळ करतो’ असे वाचणाऱ्याला हा माणूस एकाएकी क्रूर झालेला दिसेल. ज्याने ती कंटाळवाणी पाने वाचली आहेत त्याला तो पायरी पायरीने तिथे पोचलेला दिसतो.

याच खंडाच्या अखेरीस एग्वेन शत्रूच्या हाती सापडते, आणि पुढच्या दोन खंडांतले मला सर्वांत आवडणारे कथानक त्या एका अटकेतून निघते. म्हणजे माझ्या कसोटीवर हा खंडही अगदीच नापास होत नाही. जानेवारी 2003 मध्ये पूर्ण किंमत मोजून घेतलेले स्वतंत्र पुस्तक म्हणून तो मला फसलेला वाटतो आणि त्यावेळच्या वाचकांचा राग मी योग्यच मानते. चौदांतला एक म्हणून तो अवजड पण आवश्यक आहे. हे दोन निकाल परस्परविरोधी आहेत असे कोणी म्हणेल. मी ते दोन वेगळ्या खटल्यांचे निकाल समजते.

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. महाभारत आपण केवळ युद्धपर्वांसाठी वाचत नाही. वनपर्वात पांडव बारा वर्षे वनात आहेत, आणि त्या अवधीत बृहदश्व ऋषी नळाची गोष्ट सांगतात, मार्कंडेय सावित्रीची. कथानकाच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही आडवाटा! चातुर्मासात पुराणाला बसणाऱ्या आमच्या आजीला कोणी सांगितले असते की वनपर्व वगळून थेट कुरुक्षेत्रावर जाऊ, तर तिने त्याला उठवून लावले असते. तुलना फार ताणू नये हे मला समजते. तिथे ऐकणाऱ्याला पुढे काय होणार हे आधीच माहीत असे, आणि पुढचा अध्याय दुसऱ्या दिवशी हमखास मिळे. जॉर्डन यांच्या वाचकाला ती शाश्वती नव्हती. 2006 मध्ये त्यांनी आपल्याला हृदयाचा अमायलॉइडोसिस (हृदयात विकृत प्रथिने साचण्याचा आजार) झाल्याचे जाहीर केले आणि 16 सप्टेंबर 2007 रोजी, मालिका अपुरी असताना, ते गेले. हॅरिएटबाईंनी निवडलेल्या ब्रँडन सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांवरून ती पूर्ण केली. एका शेवटच्या खंडाचे तीन खंड झाले आणि 2013 मध्ये चौदावा आला. त्या तीन खंडांची धाव सगळेच वाखाणतात. ती धाव दहा-अकरा खंडांत भरून ठेवलेल्या धान्यावर चालली होती हे सहसा कोणी म्हणत नाही, आणि सँडरसन यांचे श्रेय कमी न करता ते म्हणायला हवे.

लेखात शेवटी दूरचित्रमालिकेचा दाखला आहे, की पडद्यावर आणताना कात्री लावली म्हणून काही बिघडले नाही. हा दाखला इथे लागू पडत नाही. ती मालिका 2021 मध्ये सुरू झाली आणि तीन पर्वांनंतर 2025 मध्ये बंद करण्यात आली, तेव्हा कथा साधारण चौथ्या खंडापर्यंत पोचली होती. मधल्या खंडांवर कात्री चालवून पाहण्याची वेळच आली नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. मॅट हे पात्र नवव्या खंडात गैरहजर असल्याचे लेखात छापले आहे. तो गैरहजर आहे आठव्या खंडात, कारण सातव्याच्या शेवटी त्याच्या अंगावर भिंत कोसळलेली असते. नवव्यात तो आहे आणि भरपूर आहे. तीन खंड वगळा असे सांगणाऱ्या लेखात ही चूक राहू नये, म्हणून पुढील अंकात ती सुधारून घ्यावी ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी,
डोंबिवली